पुरावा तालुक्याच्या न्यायालयातच मांडावा लागतो: ट्रायल कोर्टाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्यायव्यवस्थेविषयी ग्रामीण महाराष्ट्रात जे समज घट्ट बसले आहेत, त्यांत सर्वाधिक नुकसान करणारा समज असा, की तालुक्याच्या न्यायालयात जे चालते ती नुसती सुरुवात असून खरा निवाडा हायकोर्टात होतो. भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी, वज्रेश्वरी, अकलोली या तानसा नदीकाठच्या पट्ट्यात गरम पाण्याच्या कुंडांमुळे आणि भगवान नित्यानंदांच्या समाधीमुळे बारमाही वर्दळ असते व जमिनीच्या गुंठ्या-गुंठ्याला मोल आलेले आहे. अशा ठिकाणी हा समज विशेष महाग पडतो. बांधाचा वाद असो, भावकीतले वाटप असो की मारहाणीची फिर्याद असो, ‘इथे काहीही होऊ दे, वर बघून घेऊ’ या एका वाक्यावर समन्स बाजूला पडते, तारखेला पक्षकार फिरकत नाही आणि जुना खरेदीखताचा कागद ‘वर लागेल’ म्हणून घरच्या पेटीत जपून ठेवला जातो. पुढे अपिलात तोच कागद बाहेर काढला की न्यायालय तो सहसा दाखल करून घेत नाही, आणि आपल्यावर अन्याय झाला असे पक्षकाराला वाटू लागते. वास्तविक तो कायद्याच्या मूळ रचनेचाच परिणाम असतो, आणि ही रचना वेळीच कोणी समजावून न सांगितल्यामुळे घरेदारे आणि शेते हातची जातात.

ट्रायल कोर्ट म्हणजे दाव्याची किंवा खटल्याची पहिली, पूर्ण सुनावणी घेणारे न्यायालय, म्हणजे जेथे साक्षीदार शपथेवर बोलतात, कागद सिद्ध होतात आणि काय घडले याचा निष्कर्ष प्रथम काढला जातो ते न्यायालय. तालुक्याच्या ठिकाणी बसणारे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, हेच बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणूनही काम पाहतात. या दुसऱ्या नात्याने त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड सुनावता येतो. खुनासारखा गंभीर गुन्हा गणेशपुरी पोलीस ठाण्यात नोंदला गेला, तर आरोपीला प्रथम न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाते आणि दोषारोपपत्र आल्यावर ते प्रकरण सत्र न्यायालयाकडे सुपूर्द केले जाते. अशा खटल्यापुरते सत्र न्यायालय हेच ट्रायल कोर्ट ठरते. इतकेच काय, मुंबई शहरातील मोठ्या रकमेच्या दिवाणी दाव्यांत मुंबई उच्च न्यायालय आपल्या मूळ शाखेत स्वतः साक्षीपुरावे नोंदवते. म्हणजे ट्रायल कोर्ट हे एका कामाचे नाव आहे, आणि ते काम ज्या न्यायालयाकडे येईल त्याच्याखेरीज दुसरे कोणीही ते करत नाही.

हे काम नेमके कसे चालते ते जवळून पाहिले, म्हणजे वरच्या न्यायालयाकडून काय अपेक्षा धरता येते आणि काय नाही, हे स्पष्ट होते. बांधाच्या दाव्यात वादी आपले म्हणणे दाव्यात मांडतो, प्रतिवादी कैफियत दाखल करतो, आणि दोघांच्या लेखी म्हणण्यांतून वादाचे मुद्दे निश्चित केले जातात: बांध सरकवला हे वादी सिद्ध करतो काय, प्रतिवादीचे अतिक्रमण किती, दावा मुदतीत आहे काय. सन २००२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीमुळे साक्षीदाराची सरतपासणी, म्हणजे त्याची स्वतःची बाजू, शपथपत्रावर येते. परंतु उलटतपासणी तोंडीच होते आणि तीही न्यायालयासमोर किंवा न्यायालयाने नेमलेल्या कमिशनरसमोर. आंब्याचे झाड बांधाच्या कोणत्या अंगाला होते, मोजणी झाली त्या दिवशी हजर कोण होते, शेजारच्या हिश्शाचा सारा कोण भरत असे, असे प्रश्न एकामागून एक येतात. साक्षीदार एका प्रश्नाला चटकन उत्तर देतो, दुसऱ्याला घुटमळतो, तिसऱ्याला वकिलाकडे पाहतो आणि ‘आठवत नाही’ म्हणतो. लघुलेखक टंकतो ते एवढेच: ‘मला आठवत नाही.’ प्रत्येक दस्तऐवज सिद्ध झाला की त्याला निशाणी क्रमांक पडतो आणि तेव्हाच तो पुराव्यात वाचला जातो. जमिनीची प्रत्यक्ष स्थिती पाहणे आवश्यक वाटले, तर न्यायालय भूमी अभिलेख खात्याच्या अधिकाऱ्याला कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करून घेऊ शकते किंवा स्वतः जागेची पाहणी करू शकते.

अपील चालते ते या साऱ्याच्या नोंदींवर. अपील न्यायालयासमोर येतात ते टंकलेले जबाब, निशाणी पडलेले कागद आणि खालचा निकाल. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभा राहत नाही. त्याचे घुटमळणे, त्याचा आवाज, प्रश्न ऐकताना बदललेला चेहरा या गोष्टी ज्याने पाहिल्या तो न्यायाधीश एकच, आणि म्हणूनच साक्षीदाराच्या वर्तनाविषयी महत्त्वाचे वाटेल ते लिहून ठेवण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेतही आहे आणि फौजदारी कायद्यातही आहे. स्थापनेनंतरच्या अगदी पहिल्या काळातच सरजू प्रसाद विरुद्ध राजा ज्वालेश्वरी प्रताप नारायण सिंह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले, की तोंडी पुराव्यात परस्परविरोध असून सारा निर्णय साक्षीदारांच्या विश्वासार्हतेवर अवलंबून असेल, तर साक्षीदारांना प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाच्या मताला अपील न्यायालयाने विशेष वजन द्यावे आणि तो निष्कर्ष सबळ कारणाशिवाय फिरवू नये.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की राहून गेलेला पुरावा अपिलात देता येतो, असे कायद्यातच लिहिले आहे ना? लिहिले आहे, पण ते काय लिहिले आहे ते पुरते वाचले पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम २७ ची सुरुवातच अशी, की अपिलात जादा पुरावा देण्याचा पक्षकाराला हक्क नाही. अपवाद आहेत ते तीनच. ट्रायल कोर्टाने पुरावा चुकीने नाकारला असेल, पुरेशी दक्षता घेऊनही तो त्या वेळी मिळू शकला नसेल, किंवा निकाल देण्यासाठी खुद्द अपील न्यायालयालाच त्याची गरज वाटली असेल, तरच दार उघडते. भारत सरकार विरुद्ध इब्राहिम उद्दीन या २०१२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे, की ही तरतूद खटला चालवताना राहिलेल्या उणिवा बुजवण्यासाठी नाही. घरच्या पेटीत जपून ठेवलेले खरेदीखत या तीनपैकी कोणत्याच अपवादात सहजासहजी बसत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतकऱ्याला हे सांगावे लागू नये, कारण वेळेवर राब भाजून ज्याने रोपे तयार केली नाहीत, त्याला लावणीच्या दिवसांत कोणाचेही रान आयती रोपे देत नाही.

याहूनही महत्त्वाची आणि बहुतेकांच्या गावीही नसलेली गोष्ट म्हणजे दिवाणी दाव्यातील घटनांचा वाद साधारणतः जिल्ह्यातच संपतो. तालुक्याच्या न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरील पहिले अपील जिल्हा न्यायालयात, म्हणजे भिवंडीकरांच्या बाबतीत ठाण्याला चालते, आणि तेथे घटना व कायदा या दोन्हींची फेरतपासणी होते. त्यानंतर उच्च न्यायालयात जे दुसरे अपील जाते, ते १९७६ च्या दुरुस्तीनंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० नुसार केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरते मर्यादित आहे. बांध कोणी सरकवला, पैसे दिले की नाही, कब्जा कोणाचा होता, हे प्रश्न तेथे सहसा विचारलेच जात नाहीत. ‘हायकोर्टात खरे काय ते बाहेर येईल’ अशा भरवशावर जो माणूस तालुक्याच्या न्यायालयात गप्प बसला, तो ज्या दारात सत्य शोधले जात नाही त्या दारात सत्याची वाट पाहत राहतो, आणि त्याला या भरवशावर ठेवणारे सल्लागार त्याचे अक्षम्य नुकसान करतात.

भिवंडीच्याच न्यायालयातील एक गाजलेले प्रकरण हे स्पष्ट करते. मार्च २०१४ मध्ये तालुक्यातील सोनाळे येथे झालेल्या प्रचारसभेतील भाषणावरून काँग्रेसचे नेते राहुल गांधी यांच्याविरुद्ध भिवंडीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे बदनामीची फौजदारी तक्रार दाखल झाली. ती रद्द करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नकार दिला. सर्वोच्च न्यायालयातील याचिका २०१६ मध्ये मागे घेण्यात आली. आणि जून २०१८ मध्ये आरोपीने भिवंडीच्या न्यायालयात हजर राहून गुन्हा कबूल नसल्याचे सांगितले. पुढे, काही कागद उशिराने पुराव्यात घेण्यास न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली. या वाऱ्यांत वरच्या न्यायालयांपुढे आलेले प्रश्न खटला चालावा काय आणि अमुक कागद पुराव्यात येऊ शकतो काय, असे कायद्याचे होते. भाषण काय होते आणि त्याने बदनामी झाली काय, याची साक्ष नोंदवण्याची जागा मात्र या सर्व काळात भिवंडीच राहिली. देशातील इतक्या मोठ्या नेत्याच्या खटल्यालाही जो क्रम चुकला नाही, तो गणेशपुरीच्या शेतकऱ्याला चुकेल असे मानण्यास काहीही आधार नाही.

तरीही ज्याला शंका वाटेल त्याने बडोद्याच्या बेस्ट बेकरी खटल्याचा इतिहास पाहावा. मार्च २००२ मधील त्या हत्याकांडाच्या खटल्यात महत्त्वाचे साक्षीदार उलटले, जून २००३ मध्ये जलदगती न्यायालयाने सर्व २१ आरोपींना सोडले आणि गुजरात उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खटला न्याय्य रीतीने चाललाच नाही असे ठरवले. परंतु देशाच्या सर्वोच्च पीठानेही स्वतः साक्षीदार बोलावून निकाल दिला नाही. त्याने खटला नव्याने चालवण्याचा आदेश देऊन तो महाराष्ट्रात पाठवला, मुंबईच्या सत्र न्यायालयात साक्षी पुन्हा नोंदल्या गेल्या आणि फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ आरोपी दोषी ठरले. पुढे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांपैकी पाच जणांना सोडले आणि चौघांची शिक्षा कायम ठेवली. मूळ सुनावणीच बिघडली असेल, तर तिची दुरुस्ती अपिलाच्या कागदांवर होत नाही आणि सुनावणीच नव्याने घ्यावी लागते, हा या खटल्याचा धडा आहे.

याचा अर्थ ट्रायल कोर्ट चुकत नाही असा मुळीच नाही, आणि अपील निरर्थक आहे असाही नाही. पहिल्या अपिलात न्यायालय संपूर्ण पुरावा पुन्हा तोलते. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या मंजुरीशिवाय अमलात येत नाही, आणि तेथेही पुराव्याचा कण न् कण पुन्हा तपासला जातो. नानावटी खून खटल्यात १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयातील जूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपीला निर्दोष ठरवले, न्यायाधीशांना तो कौल मान्य न झाल्याने त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि उच्च न्यायालयाने १९६० मध्ये आरोपीला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ते कायम केले. मात्र येथेही उच्च न्यायालयाने निष्कर्ष बदलला तो सत्र न्यायालयात नोंदल्या गेलेल्या पुराव्याच्याच आधारे. वरचे न्यायालय पुराव्याचा अर्थ नव्याने लावू शकते, आणि त्यासाठी तो पुरावा आधी नोंदीवर आलेला असावा लागतो.

खालच्या न्यायालयाला कमी लेखण्याची ही सवय केवळ खेड्यापाड्यांत आहे असे नाही. ती इतकी मुरली आहे, की फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपल्याच कार्यालयास सांगावे लागले, की ट्रायल कोर्टाचा उल्लेख ‘कनिष्ठ न्यायालय’ असा करू नये. तालुक्याच्या न्यायालयात पुरेशी जागा, पुरेसे लघुलेखक आणि पुरेसे न्यायाधीश नसले तरी फारसे कोणाला वाटत नाही, याच्याही मुळाशी हीच भावना आहे, आणि तिची किंमत मोजतो तो साधा पक्षकार.

या मुख्य गैरसमजाच्या आजूबाजूला काही लहान गैरसमज वाढले आहेत. त्यांचा निकाल थोडक्यात लावता येतो.

गैरसमज: सातबाऱ्यावर नाव लागले की मालकी ठरली. वस्तुस्थिती: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच, फेरफाराने मालकी निर्माण होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे, आणि मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच सोडवते.

गैरसमज: जमिनीचा किंवा देवस्थानाचा प्रत्येक प्रश्न दिवाणी न्यायालय ठरवते. वस्तुस्थिती: एखादी व्यक्ती कूळ आहे काय, हा प्रश्न दाव्यात उपस्थित झाला, तर कूळकायद्याच्या कलम ८५-अ नुसार तो तहसीलदारांकडे निर्णयासाठी पाठवावा लागतो, त्याचप्रमाणे देवस्थानाच्या विश्वस्तांतील बदलाचा वाद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेपुढे चालतो.

गैरसमज: न्यायालयाचे सारे काम इंग्रजीत चालते, त्यामुळे सामान्य माणसाला त्यात काही कळणार नाही. वस्तुस्थिती: राज्य शासनाच्या २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनुसार, काही अपवाद वगळता, महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, इंग्रजीचे बंधन उच्च न्यायालयात आहे.

गैरसमज: दोषारोपपत्र दाखल झाले म्हणजे गुन्हा शाबीत झाला, आणि जामीन मिळाला म्हणजे आरोपी सुटला. वस्तुस्थिती: दोषारोपपत्र हा पोलीस तपासाचा अहवाल आहे, जामीन ही खटला चालेपर्यंतची व्यवस्था आहे, आणि दोष ठरतो तो साक्षीपुराव्यानंतरच.

गैरसमज: पोलिसांपुढे गुन्हा कबूल केला की खटला संपला. वस्तुस्थिती: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, पूर्वीच्या पुरावा कायद्यातील हा नियम भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही कायम आहे.

गैरसमज: न्यायाधीशाने गप्प बसून फक्त ऐकायचे असते. वस्तुस्थिती: सत्य शोधण्यासाठी साक्षीदाराला कोणताही प्रश्न विचारण्याचा अधिकार न्यायाधीशाला कायद्याने दिला आहे.

गैरसमज: चौकशी आयोगाचा अहवाल म्हणजे निकाल. वस्तुस्थिती: मे १९७० च्या भिवंडी दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली, परंतु १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालील आयोग शिक्षा देऊ शकत नाही, आणि त्याच्यापुढे केलेले निवेदन खोट्या साक्षीचा खटला वगळता त्या व्यक्तीविरुद्ध न्यायालयात वापरता येत नाही.

गैरसमज: लोकअदालतीतील तडजोड नंतर मोडता येते. वस्तुस्थिती: लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्यापूर्वी तो शब्दन् शब्द वाचून घ्यावा.

गैरसमज: गरिबाला वकील परवडत नाही, तेव्हा तारखेला जाऊन उपयोग काय. वस्तुस्थिती: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले, अपंग, कोठडीतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. या परिसरातील आदिवासी पाड्यांवरील कुटुंबांचा हा हक्क आहे, आणि त्यासाठी अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो.

या सर्वांतून पक्षकाराने करावयाच्या गोष्टी मोजक्याच उरतात, परंतु त्यांतील एकही टाळता येण्यासारखी नाही. समन्स मिळाले की दिवस मोजावेत, कारण दिवाणी दाव्यात कैफियत देण्याची मुदत ३० दिवसांची असून ती साधारणतः ९० दिवसांपलीकडे वाढत नाही. गैरहजेरीमुळे एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत आणि पुरेसे कारण दाखवून करावा लागतो. जवळ असलेला प्रत्येक कागद पहिल्याच टप्प्यावर वकिलाच्या हाती द्यावा, दाव्यात किंवा कैफियतीत प्रत्येक बाब लिहिली गेली आहे ना ते पाहावे, कारण लेखी म्हणण्यात नसलेल्या गोष्टीचा पुरावा विचारात घेतला जात नाही. विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराची उलटतपासणी सोडू नये, कारण आव्हान न दिलेली साक्ष बहुधा मान्य केल्यासारखी धरली जाते. वकिलांनीही अपिलाची आशा दाखवून आजची तारीख वाया घालवू नये, आणि शासनाने न्यायासाठीचा पैसा व माणसे यांचा विचार करताना तालुक्याच्या न्यायालयाला यादीच्या शेवटी ढकलू नये. गणेशपुरीच्या माणसाच्या आयुष्यातील खरे-खोटे ज्या एका ठिकाणी साक्षीदाराच्या तोंडून ऐकले जाते, ते ठिकाण भिवंडी-ठाण्याचे न्यायालय आहे. तेथे मांडले गेले नाही, ते पुढे कोणत्याही न्यायालयात जवळजवळ कायमचे गमावलेले असते.